गावची सून, गावचं गुपित



काल १ डिसेंबर झाला. १९८८ पासून जगभर तो एड्स दिन म्हणून पाळतात. उद्या ३ डिसेंबर, कवयित्री बहिणाबाई चौधरींचा स्मृतिदिन. १८८० साली त्या या असोद्यात जन्मल्या आणि १९५१ साली जळगावात निवर्तल्या. बहिणाबाईंच्या माहेरी, त्यांच्या स्मृतिदिनाच्या आदल्या संध्याकाळी एचआयव्हीवर बोलणं शोभेल का, असं मला काहींनी काळजीपोटी विचारलं. मला ते अगदी शोभतं असं वाटतं. साथ घरात शिरली की घराचं काय होतं ते बहिणाबाईंनी सोसलेलं आहे. प्लेगने त्यांच्या एका मुलाला जन्मभराचं अपंगत्व दिलं. आणि त्याच रोगाच्या साथीत, १८९७ च्या मार्चमध्ये, मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले दवाखान्यापर्यंत चालत गेल्या आणि त्या लागणीनं वारल्या. महाराष्ट्रात घरोघर जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर माझ्या मते त्याचं पहिलं पान तिथून सुरू व्हावं.

आजचा विषय त्याच कार्यकर्तीचा आहे. आशाताई, अंगणवाडीताई, उपकेंद्रातल्या नर्सताई. या बायकांना एचआयव्हीबद्दल काय माहीत आहे आणि त्याबद्दल त्यांना मनातून काय वाटतं? हे दोन प्रश्न घेऊन देशात ठिकठिकाणी पाहण्या होतात. छापील फॉर्म असतो, त्यात बरोबर-चूक अशा खुणा असतात आणि शेवटी गुण येतात. त्या पाहण्यांचा मी अनादर करत नाही. पण खानदेशातल्या गावांमधून प्रशिक्षणं घेताना मला सारखं जाणवत आलंय की या दोन प्रश्नांच्या पोटात तिसरा एक प्रश्न आहे आणि तो फॉर्ममध्ये नसतो. ज्या बाईला ही लागण झाली आहे, तिने आपल्या गावच्या आशाताईला ती सांगावी का? सांगितलं तर तिचं काय होईल? माझं आजचं सगळं बोलणं त्या प्रश्नाकडे जाणार आहे. पण आधी माहितीचं बघू, कारण माहितीच जुनी असेल तर पुढचं सगळं जुनं राहतं.

भारतात एचआयव्हीचा पहिला शोध १९८६ साली मद्रासला लागला. तो लावणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने रक्ताचे नमुने गोळा केले होते. दोन बायकांनी या देशाला ही बातमी दिली. त्यानंतरची दहा-पंधरा वर्षं भीतीची होती. औषध नव्हतं. भिंतीवर कवटी काढायची, खाली मृत्यू लिहायचा, एवढंच हातात होतं आणि तेवढंच केलं गेलं. तुमच्यापैकी ज्यांचं वय आज चाळिशीच्या पुढे आहे, त्यांनी या आजाराबद्दल पहिल्यांदा जे ऐकलं ते त्या कवटीकडून.

पण त्यानंतर किती काय झालं! १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी, औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. आधी ठरावीक राज्यांत आणि मोजक्या रुग्णालयांत, मग जिल्ह्याजिल्ह्यांत. २०११ साली एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांवर तो झाला होता, आणि आपलं पुणंही त्यात होतं. जोडप्यातल्या एकाला लागण, दुसऱ्याला नाही. लागण असलेल्याला लवकर औषध सुरू केलं, तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं असं त्यात दिसलं. पुढच्या अभ्यासांनी त्याच्याही पुढची गोष्ट पक्की केली: गोळ्या रोज घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आहे, आणि तो तसाच ठेवला आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. २०१७ पासून आपल्याकडे धोरणच असं आहे की तपासणीत लागण दिसली की औषध सुरू करायचं. पूर्वी प्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशी अमुक आकड्याखाली येईपर्यंत थांबावं लागे, तसं आता थांबत नाहीत. रोजची एक गोळी घेऊन माणूस शेती करतो, नोकरी करतो, मुलांची लग्नं लावतो.

मग मी विचारतो, ही गोष्ट गावात कुणाला माहीत आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, एचआयव्हीची पुरेशी आणि बरोबर माहिती असलेल्या स्त्रिया देशभरात २१.६ टक्के निघाल्या. शंभरात बावीससुद्धा नाहीत. पुरुष ३०.७ टक्के. आशाताई या शंभर बायकांमधूनच निवडली जाते. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हा ठरलं की हजार लोकसंख्येमागे एक आशा हवी, ती त्याच गावची हवी, आणि शक्यतो लग्न झालेली, विधवा किंवा परित्यक्ता हवी, म्हणजे ती गाव सोडून जाणार नाही. महाराष्ट्रात आज अशा सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत. तिला गरोदरपणाचं शिकवलं, लसीकरणाचं शिकवलं, क्षयरोगाचं, मलेरियाचं, कुष्ठरोगाचं शिकवलं. एचआयव्ही त्या सगळ्याच्या शेवटी, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला आला. मग तिला कमी गुण पडले, तर ते गुण कुणाचे?

पाहण्यांमध्ये एक प्रश्न हमखास असतो, डास चावल्याने एचआयव्ही होतो का? पुष्कळ ताया ‘हो’ लिहितात, आणि मग अहवालात छापून येतं की कार्यकर्तींमध्ये गैरसमज आहेत. आता जरा तिच्या जागी बसून बघा. वर्षभर आपण तिला सांगतो की डास एकाचं रक्त पितो, दुसऱ्याला चावतो आणि मलेरिया पसरवतो. टाक्या रिकाम्या करा, कोरडा दिवस पाळा, डेंग्यू येईल. दुसरीकडे तिलाच सांगतो की एचआयव्ही रक्तातून पसरतो, एकाची सुई दुसऱ्याला टोचू नका. या दोन गोष्टी तिने जोडल्या तर तिचं चुकलं काय? एका प्रशिक्षणात एका ताईने मला सरळ विचारलं होतं, ‘मंग डासाची सोंड म्हंजे सुईच ना?’ हा प्रश्न अडाण्याचा नाही, विचार करणाऱ्या माणसाचा आहे. आणि त्याला नुसतं ‘नाही, चूक’ असं उत्तर देणं हा तिच्या बुद्धीचा अपमान आहे.

त्याचं उत्तर असं. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो, त्याच्या आयुष्याचा अर्धा संसारच तिथं होतो. एचआयव्हीला वाढायला माणसाच्या रक्तातल्या विशिष्ट पेशी लागतात, त्या डासात नाहीत. डासाच्या पोटात तो बाकीच्या रक्ताबरोबर पचून जातो. आणि डासाच्या सोंडेत दोन वाटा असतात. एकीतून तो लाळ सोडतो, दुसरीतून रक्त ओढतो. आधीच्या माणसाचं रक्त तो पुढच्याच्या अंगात घालत नाही. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं दिली की ताई ते गुणांसाठी पाठ करत नाही. तिला ते कळलेलं असतं, आणि उद्या चावडीवर कुणी विचारलं तर ती स्वतःच्या शब्दांत सांगते.

वेगळ्या ताटवाटीचंही तसंच. क्षयरोगाच्या रुग्णाने तोंडावर रुमाल धरावा, हे तिने शेकडो वेळा सांगितलेलं असतं. मग एचआयव्हीच्या रुग्णाचं ताट वेगळं ठेवावं, असं तिच्या मनात आपसूक येतं. म्हणून फरक नीट सांगावा लागतो. एचआयव्ही शरीराबाहेर फार टिकत नाही. घामातून, थुंकीतून, एका माठातल्या पाण्यातून, एका संडासातून, मिठी मारण्यातून तो जात नाही. तो जातो शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, दूषित सुईतून, आणि आईकडून बाळाला. आणि सुई चुकून टोचलीच, तरी लागण होण्याची शक्यता साधारण तीनशेत एक. त्यावरही औषध आहे. जितक्या लवकर, शक्य तर दोन तासांत, आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत सुरू करायचं आणि २८ दिवस घ्यायचं. नर्सताईंनी आणि बाळंतिणीबरोबर रात्री-बेरात्री दवाखान्यात जाणाऱ्या आशांनी हे पाठच करून ठेवलं पाहिजे. भीती कमी व्हायला याच्याइतकी उपयोगी माहिती दुसरी नाही.

आता मनाचं बघू.

माहिती बदलली की मन बदलतं असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. डासाचा प्रश्न बरोबर सोडवणारी ताई पुढच्याच प्रश्नाला अडते. एचआयव्ही असलेल्या बाईच्या हातचा चहा घ्याल का? हात थांबतो. का थांबतो? कारण या आजाराबरोबर एक चारित्र्याचा दाखला चिकटलेला आहे. ज्याला झाला त्याने काहीतरी केलं असणार, आणि ‘चांगल्या घरच्या’ बाईला हा होतच नाही, असा तो दाखला.

हा दाखला खोटा आहे हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवून दिलं, आणि तेही तीस वर्षांपूर्वी. पुण्यात १९९३ ते ९६ या काळात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्या बायकांची तपासणी झाली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. त्यात वेश्याव्यवसायाशी काही संबंध नसलेल्या ३९१ स्त्रिया होत्या. त्यांतल्या १३.६ टक्के बाधित निघाल्या. बहुतेकींच्या आयुष्यात एकच पुरुष होता, त्यांचा नवरा. त्या दवाखान्यात आजाराची तक्रार घेऊनच आल्या होत्या, तेव्हा हा आकडा सगळ्या गृहिणींना लावू नये. पण त्यातून जे कळलं ते स्वच्छ होतं. त्या बाईची ‘जोखीम’ म्हणजे तिचं लग्न. तिने काय केलं? संसार केला.

आणि आपलाच भूगोल आठवा. धुळ्याला मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना छेदतात. भुसावळ जंक्शन इथून हाकेवर. रावेर-यावलची केळी ट्रकांतून उत्तरेला जातात. सातपुड्याच्या पायथ्याचे पावरा, भिल्ल बांधव आणि चाळीसगावकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, काही गुजरातेत, काही पश्चिम महाराष्ट्रात. महिनोन्‌महिने घराबाहेर राहणारा माणूस वाईट असतो असं मी म्हणत नाही, कृपा करून तसा अर्थ काढू नका. मी एवढंच म्हणतो की आपण रस्त्यावर जगणारे लोक आहोत. ‘हा आजार आमच्याकडचा नाही’ असं म्हणायची सोय खानदेशाला नाही. देशात आज सुमारे २५ लाख माणसं या विषाणूसोबत जगत आहेत आणि त्यांतली जवळपास चार लाख महाराष्ट्रात, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त.

बायकांचा यात वेगळा छळ होतो. नवरा ड्रायव्हर, तो आधी आजारी पडतो, त्याची शुश्रूषा तीच करते. तो गेल्यावर सासरचे म्हणतात, हिच्यामुळे गेला. दोघांचं रक्त तपासलेलं असतं, कुणामुळे कुणाला झालं ते सगळ्यांना मनातून माहीत असतं, तरी घराबाहेर जाते ती. शेतातला वाटाही जातो. आणि मुलं? पंढरपूरच्या ‘पालवी’चं नाव तुम्ही ऐकलं असेल. बाधित मुलांना सांभाळण्याचं मंगलताई शहांचं ते काम सुरू झालं दोन लहानग्या बहिणींपासून. आईबाप एड्सने गेलेले आणि नातेवाइकांनी त्यांना गोठ्यात ठेवलेलं. अशा संस्थांपुढे मी हात जोडतो. पण त्यांची गरज पडावी, हा आपल्या गावांच्या मनाचा निकाल आहे, आणि आशाताईचं मन त्याच गावात घडतं. तिच्या मनाला गुण देताना गावाच्या मनाला कुणी गुण दिले का?

मन बदलतं कशाने, याची दोन उत्तरं मला दिसली आहेत. पहिलं उत्तर जामखेडचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथं आरोग्याचं काम सुरू केलं. त्यांच्या ग्राम आरोग्य कार्यकर्त्यांपैकी अनेकजणी निरक्षर, दलित, नवऱ्याने टाकलेल्या. आरोळ्यांनी औषधांच्या नावांच्या आधी त्यांना त्यांची किंमत शिकवली. तू माणूस आहेस, तुझा शब्द मोलाचा आहे, हे आधी. त्याच बायकांनी पुढे गावोगावच्या कुष्ठरुग्णांना गावात परत बसवलं. जिला स्वतःला कधी वेशीबाहेर ठेवलं होतं, तिने दुसऱ्याला वेशीच्या आत घेतलं. सांगलीतही तसंच घडलं. १९९२ पासून मीना शेषू आणि ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून वेश्याव्यवसायातल्या बायका स्वतः शिक्षिका झाल्या, कंडोम वाटणाऱ्या, समजावणाऱ्या झाल्या, आणि १९९६ साली त्यांनी ‘व्हॅम्प’ हा आपला स्वतःचा संघ उभा केला. ज्यांच्याकडे बोट दाखवलं जात होतं त्यांच्याकडून शिकण्यासारखं सगळ्यात जास्त होतं.

दुसरं उत्तर तुमच्यापाशीच आहे, ताई. २०२० साल आठवा. मास्क लावून, ऑक्सिमीटर हातात घेऊन तुम्ही दारोदार फिरत होता. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’चे फॉर्म भरत होता. तेव्हा किती दारं तुमच्या तोंडावर बंद झाली? ‘ही करोना घेऊन येईल’ असं कुणीकुणी म्हटलं? घरी आल्यावर तुमचं ताट कुणी वेगळं काढलं? मी हे प्रशिक्षणात विचारतो तेव्हा आधी सगळ्या गप्प होतात आणि मग एकदम सगळ्या बोलायला लागतात. अर्धा तास बोलतात. त्यानंतर मी एकच वाक्य म्हणतो: एचआयव्ही असलेल्या बाईसोबत हे रोज होतं. त्या दिवशी चहाचा प्रश्न पुन्हा विचारावा लागत नाही.

आता मी ज्या प्रश्नाकडे येणार म्हटलं होतं, तिथं येतो.

एक सून आहे. तिचं गाव कुठलंही धरा. तिसऱ्या महिन्यात उपकेंद्रावर नाव नोंदवते. नर्सताई बोटाच्या टोकाचं रक्त घेते, हिमोग्लोबिन बघते, एचआयव्ही बघते, सिफिलिस बघते. पहिल्या तपासणीत शंका येते, तिला तालुक्याला आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन-तपासणी केंद्रात, पाठवतात, तिथं पुन्हा वेगवेगळ्या पद्धतीने तपासणी होते आणि लागण पक्की ठरते. त्याच आठवड्यात गोळ्या सुरू होतात. इथपर्यंत सगळं नीट चाललं तर बाळ वाचतं. उपचार नसेल तर शंभर बाळांमागे पंधरापासून पंचेचाळीसपर्यंत बाळांना लागण होऊ शकते. आईला गोळ्या वेळेवर मिळाल्या आणि बाळाला जन्मल्यावर नेव्हिरापिनचं औषध मिळालं, तर तेच प्रमाण पाचाच्या खाली येतं. या देशात वैद्यकाने मिळवलेल्या सगळ्यात मोठ्या विजयांपैकी हा एक आहे.

पण सातव्या महिन्यात काय होतं? ओटीभरण होतं आणि ती माहेरी जाते. पहिलं बाळंतपण माहेरी. ही आपली रीत आहे, मायेची रीत आहे. आणि इथंच धागा तुटतो. सासरच्या गावच्या आशाला कदाचित माहीत होतं. माहेरच्या आशाला काहीही माहीत नाही. गोळ्यांची बाटली पिशवीच्या तळाशी. आई विचारते, ‘हे काय घेतेस गं?’ ती म्हणते, रक्त वाढायच्या गोळ्या. दुसऱ्यांदा विचारलं की ती घेणंच थांबवते. कळा रात्री सुरू होतात, जवळच्या खासगी दवाखान्यात नेतात, तिथं कुणाला सांगायचं धाडस होत नाही. बाळाला औषध मिळत नाही. सहा आठवड्यांनी बाळाच्या टाचेतून जे रक्त घ्यायचं असतं, ते घ्यायला कुणी नेत नाही.

तुम्ही म्हणाल, मग सासरच्या आशाने माहेरच्या आशाला फोन करावा. सोपं आहे. करावा का?

करू नये. तिची संमती नसेल तर अजिबात करू नये. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात स्पष्ट आहे की, मोजके अपवाद सोडले तर, संमतीशिवाय तपासणी नाही, आणि कामाच्या नात्याने कळलेली एखाद्याची लागण त्याच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. नोकरी, शाळा, दवाखाना यांपैकी कुठेही भेदभाव करता येत नाही. कायदा उत्तम आहे. पण मी कायद्याच्या भीतीने नाही म्हणत. तो फोन एकदा झाला आणि फोनवर बोलताना ओसरीवर कुणी बसलेलं असलं, तर त्या बाईचं माहेर संपलं. सासर तर आधीच संपलेलं असतं.

आशाताई गावची सून असते, म्हणून तिला सगळं कळतं. कोण कधी ऊसतोडीला जातं, कुणाच्या घरी भांडण आहे, कुणाचं ओटीभरण कधी. सरकारने तिला निवडलं ते याच कारणासाठी. आणि ती गावची सून असते, म्हणूनच तिला सांगायची बाईला धास्ती वाटते. तिची सासू त्या बाईच्या सासूची मैत्रीण असते. तिचा दीर ग्रामपंचायतीत असतो. जे तिचं बळ, तीच तिची अडचण. एचआयव्हीच्या बाबतीत ही गाठ सोडवल्याशिवाय एकही पाऊल पुढे पडणार नाही, असं माझं ठाम मत आहे. फॉर्मवरच्या दहापैकी दहा गुणांनी ती सुटत नाही.

सुटते कशाने? आधी मन उघडून सांगणारी बाई हवी, आणि ती सांगते तेव्हाच जेव्हा तिने पाहिलेलं असतं की या ताईने दुसरं कुणाचं गुपित बाहेर नेलं नाही. हे गावात बरोबर कळतं. कुणाच्या पोटात काय राहतं याचा हिशेब गावाकडे असतो. पाळी चुकलेल्या पोरीची गोष्ट तिने कुणाला सांगितली का? नवऱ्याच्या मारहाणीची? क्षयाची? ज्या ताईने ती पोटात ठेवली, तिच्याकडे एक दिवस ही सून येते आणि म्हणते, ‘ताई, मले माहेरी जायाचं हाय, गोळ्या कशा घेऊ?’ मग रस्ते निघतात. तिच्या संमतीने समुपदेशकाला सांगून माहेरच्या जिल्ह्यातल्या एआरटी केंद्रात नाव वळवता येतं. गोळ्या जास्त दिवसांच्या देता येतात. बाळंतपण कुठल्या सरकारी दवाखान्यात करायचं ते आधी ठरवता येतं. माहेरच्या माणसांपैकी एकाला, फक्त एकाला, कुणाला सांगायचं हे तीच ठरवते. बहुतेकदा ती बहिणीचं नाव घेते.

प्रशिक्षणात हे शिकवतो का आपण? गुपित ठेवण्याचा सराव देतो का? वही कुठे ठेवायची, यादी कोण बघतं, सासूने थेट विचारलं तर खोटं न बोलता काय म्हणायचं? कुठेकुठे केसपेपरवर लाल शाईची खूण असते, ती बघून वॉर्डातल्या आयाबाया कुजबुजतात. ती खूण दिसली तर तक्रार कुणाकडे करायची? हे सगळं शिकवता येतं. दोन ताया समोरासमोर बसवून, एक सासू, एक आशा, असं करून घेता येतं. एक तास पुरतो.

आणि नीट शिकवलेली आशा दारी आली की काय होतं, याचा पुरावा आहे. आंध्र प्रदेशच्या ग्रामीण भागात एका छोट्या प्रयोगात ६८ बाधित स्त्रिया घेतल्या होत्या. निम्म्या जणींकडे खास शिकवलेल्या आशा नियमित जात, गोळ्यांची आठवण करत, दवाखान्यात सोबत करत, आहाराला मदत होई. त्या बायकांचं गोळ्या घेणं इतरांपेक्षा स्पष्टपणे सुधारलं, आणि प्रकृतीही. प्रयोग लहान आहे, पण पुरावा आहे. 

आता गावकऱ्यांना दोन शब्द. मोठ्या आवाजात बोलतो त्याबद्दल क्षमा करा.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आशांचा गौरव केला. त्याआधी २०२१ च्या जूनमध्ये आणि त्यानंतर २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर होत्या, मुंबईत आझाद मैदानात बसल्या होत्या. कागदावर ती ‘स्वयंसेविका’ आहे, तिला पगार नाही, मोबदला आहे. प्रसूती, लसीकरण, क्षयाच्या रुग्णाने पूर्ण केलेला औषधाचा कोर्स, असा एकेका कामामागे हिशेब. आणि मी आत्ता तासभर ज्याबद्दल बोललो त्याचा हिशेब कसा होणार? न सांगितलेल्या गोष्टीचं बिल कुठे लावायचं? ज्या बाईला आपण घड्याळ बघून कामाला लावतो आणि पैशासाठी ताटकळत ठेवतो, तिच्या पोटात गावाची सगळी गुपितं सुरक्षित राहावीत अशी अपेक्षा आपण कोणत्या हक्काने करतो? तिची किंमत गावाला कळली पाहिजे. आधी तिला कळली पाहिजे, जामखेडला कळली तशी.

गावाच्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. तुमच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे दरवर्षी थोडा निधी येतो. उपकेंद्रात एका खोलीला आतून कडी लावता येईल असं दार बसवा. बाई बोलत असताना बाहेर रांगेतल्यांना ऐकू जातं, अशा खोलीत कुठलीही बाई तोंड उघडणार नाही. गावच्या आरोग्य-पोषण दिवसाला पुरुषांनाही बोलवा, ड्रायव्हरांना बोलवा, मोसमात ऊसतोडीला निघणाऱ्या टोळीला निघण्याआधी बोलवा. १०९७ हा मोफत फोन क्रमांक शाळेच्या, दूध डेअरीच्या, एसटी थांब्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. कवटी काढू नका. त्याशेजारी लिहा: औषध मोफत मिळतं, माणूस जगतो, आईचं बाळ निरोगी होतं.

आणि अंगणवाडीताई, तुमच्याकडे येणाऱ्या एखाद्या बाळाबद्दल कुणी काही कुजबुजलं, तर त्याचा पाट इतर मुलांच्या रांगेतच मांडा. कुणाच्या परवानगीची गरज नाही.

मी बोलायचं ते बोललो. आता प्रश्न. हात वर करून विचारण्याचा हा विषय नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून मागच्या टेबलावर कोरे कागद आणि एक डबा ठेवला आहे. आशाताईंनी, गावातल्या लेकीसुनांनी, तरुण पोरांनी, ज्याला जे विचारायचं ते लिहून डब्यात टाकावं. नाव लिहू नका. मी एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचून उत्तर देईन, आणि सगळ्या चिठ्ठ्या संपेपर्यंत थांबेन.